गजाभाऊंच्या मापाचे दात

पदूचा वरचा पुढचा दात नेमका कसा गेला, हे इथे सांगत बसत नाही. त्याने स्वतःच तीन माणसांना तीन कारणं सांगितली होती, आणि तिन्हींत त्याचा स्वतःचा काही दोष नव्हता. दिवाळीनंतर दात गेला आणि पुढच्या वैशाखात पुतणीचं, म्हणजे जनीचं, लग्न ठरलं. गोष्ट एवढ्यातच घडली.

आता एका दाताने माणसाचं असं काय जातं? शेतावरच्या माणसाचं काही जात नाही. पण पदू खालापूरच्या कचेरीत आवक-जावक कारकून होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो मंगलाष्टकं म्हणायचा. स्वतः रचलेली. खालापूर-कर्जत भागातली साठ-सत्तर लग्नं त्याच्या आवाजात लागली होती. नवरा-नवरीची नावं वृत्तात बसत नसली तर तो नावंच जरा आखूड करी, पण वृत्ताला धक्का लावत नसे. त्याची हुकमी ओळ होती, "सासू सासर सोबती सजण हे, सौख्यात संसार हो". ही ओळ सुरू झाली की मांडवातल्या बायका पोरांना गप्प करत. एका ओळीत इतके 'स' आजवर कोणी बसवले नव्हते, असं पदूचं मत होतं आणि ते खरंही असेल.

आता नेमका पुढचा दात गेल्यावर त्या 'स'चं काय झालं, ते वेगळं सांगायला नको. माघातल्या एका लग्नात पदूने ती ओळ म्हटली आणि मांडवाबाहेरची दोन कुत्री उठून आत आली. नवरदेवाने अंतरपाटावरून डोकं वर काढून बघितलं. उरलेल्या अक्षता लोकांनी कशाबशा टाकल्या. पदू घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

एवढ्यावर भागलं असतं तर पदूने ते सोसलं असतं. पण त्याच्या समोरच्या घरात गजाभाऊ राहत होते.

गजाभाऊ त्याच कचेरीत अव्वल कारकून. दोघं एका शाळेत, एका बाकावर बसलेले. त्यामुळे पदू त्यांना तोंडावर 'गजाभाऊ' म्हणे आणि मनात 'गज्या'. या गज्याचाही पुढचा दात वर्षापूर्वी गेला होता. पण त्याने कर्जतला जाऊन ब्रिज बसवून घेतला. म्हणजे काय, तर पडलेल्या दाताच्या दोन्ही अंगांचे दात थोडे तासायचे, त्यांच्यावर टोप्या चढवायच्या आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडून टाकायचा. तिन्ही मिळून एकच तुकडा, सिमेंटने पक्का. कवळीसारखा तो रात्री काढून पेल्यात ठेवायला नको. ब्रिज बसल्यापासून गजाभाऊ विनाकारण हसू लागले. सकाळी दात घासायला ते घरात मोरी असून ओट्यावर बसत. आणि पदूची शिट्टी सुरू झाल्यापासून तीन लग्नांत त्यांनीच मंगलाष्टकं म्हटली होती. बरी म्हटली होती, हेच पदूला खुपत होतं.

त्यात एका सकाळी पदूची बायको मैना चहाचा कप पुढे ठेवता ठेवता म्हणाली, "गजाभावजींचं दात बघितलंव का? तो मधला जरासा बाजूच्यावर चढलाय ना, तो कसा गोड दिसतो!"

पदूने चहा घेतला नाही. चोवीस वर्षांच्या संसारात मैनेने त्याच्या कुठल्याही अवयवाला गोड म्हटलं नव्हतं.

"तिरका बसलाय तो," पदू म्हणाला. "डॉक्टरची चूक हाय ती." रागावला की पदूच्या तोंडातला कचेरीतला 'आहे' जाऊन घरचा 'हाय' येई.

"असंल. पन चूकसुदा चांगली दिसतेय," मैना म्हणाली आणि आत गेली.

त्याच आठवड्यात मोठा भाऊ मोरूदादा लग्नाची यादी-बोलणी सांगायला आला. सगळं सांगून झाल्यावर तो खाली बघत म्हणाला, "पदू, राग मानू नको रं. जनीचं एकदाच लगीन व्हायचंय. आष्टकं गजाभाऊला सांगू का? तू हवं तर मनातल्या मनात म्हण."

"माझ्या पुतणीच्या लग्नात गज्या?" पदू ओरडला, आणि त्यातही शिट्टी वाजली.

"मग दात बसव. मुहूर्तापरेंत दात आला तर तू, नायतर तो." मोरूदादाने विषय संपवला.

पदूने त्या क्षणी ठरवलं. दात बसवायचा, ब्रिजच बसवायचा आणि गज्याच्यापेक्षा सरस बसवायचा.

आपल्याकडे माणसाने घर बांधायचं ठरवलं तर शेजारी फार तर विटेचा भाव सांगतात. दात बसवायचा म्हटल्यावर मात्र प्रत्येकाला मत असतं, कारण दात प्रत्येकाकडे असतात किंवा कधीतरी होते. शेजारच्या गौराबाईंना एकही दात नव्हता आणि सगळ्यात जास्त मतं त्यांचीच होती. ब्रिजचा प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "गेला कोण? मधला. आन तासायचं कोणाला? बाजूच्या दोघांना? त्यांनी काय केलं रं? चोर सोडून संन्याशाला फाशी! त्यापरीस कवळी बरी. काढली की तोंड मोकळं."

दुसरं मत चौक गावच्या जलालचं. जलालचं हमरस्त्यावर गॅरेज होतं आणि पदूची सायकल तो दुरुस्त करी. त्याने मात्र खराट्याच्या काडीने जमिनीवर चित्र काढून सगळं नीट समजावलं. "दोन बाजूचे खांब धडधाकट पायजेत, पदूभाऊ. मधी कितीबी वजन टाका, पट्टी हलायची नाय. पन खांबच हलत असंल तर मंग तुमचा ब्रिज नि माझा बंपर, दोन्ही रस्त्यात." पुढे डॉक्टरने हेच पाऊण तास सांगितलं, पण पदूला कळलं ते जलालचंच.

मग रजा. दंतवैद्य युनूस नजे यांचा दवाखाना कर्जतच्या बाजारात होता आणि तो कचेरीच्याच वेळात उघडा असे. पदूने दोन दिवसांच्या रजेचा अर्ज केला. कारण लिहिलं, दातांचा उपचार. अर्ज अव्वल कारकुनामार्फत पुढे जायचा, म्हणजे गजाभाऊंमार्फत. दुसऱ्या दिवशी तो शेरा होऊन परत आला. "अर्जदाराच्या आवक-जावक कामास दातांची आवश्यकता दिसून येत नाही. तरी वैद्यकीय दाखला जोडावा."

पदूने कर्जतहून दाखला मागवून जोडला. शेरा आला, "दाखल्यात दात कोणता, ते नमूद नाही." पदूने डॉक्टरांकडून दात लिहून मागवला. वरचा, पुढचा, उजवा. शेरा आला, "सदर दात अस्तित्वात नसल्याचे अर्जदाराच्या तोंडावरून स्पष्ट होते. जो दात नाही, त्यावर उपचार कसा होणार, याचा खुलासा व्हावा."

पदू हे शेरे वाचून खदखदत होता आणि मनातून चकितही होत होता, कारण खुद्द त्यानेही इतरांच्या अर्जांवर इतके चांगले शेरे कधी मारले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात तो मामलेदारांपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळी हकीकत तोंडी सांगितली. मामलेदारांनी सहा-सात शिट्ट्या ऐकून घेतल्या, कानात करंगळी फिरवली आणि सही केली.

युनूस डॉक्टरांचा दवाखाना एका खोलीचा. मध्ये खुर्ची, कडेला पट्ट्यावर फिरणारं यंत्र आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. प्रत्येकावर शाईने नाव. डॉक्टरांची बायको नफिसा कोपऱ्यात वाडग्यात प्लास्टर कालवत होती. पदू खुर्चीत बसला, आ केला आणि त्याची नजर फळीवर गेली. डावीकडून चौथा जबडा. 'गजानन'. तोंड नसतानाही तो जबडा हसत होता.

"तुमचे दात फार छान आहेत," डॉक्टर आत डोकावून म्हणाले. "बारीक, एकसारखे. आपल्याकडच्या तांदळाच्या दाण्यासारखे. तसाच दात मध्ये घालू. बसवलाय हे कोणाला कळायचंसुद्धा नाही."

कळायचंसुद्धा नाही! मग काय उपयोग? पदू ताडकन उठून बसला.

"डॉक्टर, मला तसले हवेत." त्याने फळीकडे बोट केलं.

"गजाननरावांचे? अहो, त्यांचा चेहरा रुंद. तुमचा लहान. दुसऱ्याचा अंगरखा आपल्याला..."

"त्यांच्यापेक्षा थोडे मोठेच करा. आणि पांढरे. आणि तो मधला बाजूच्यावर जरासा चढलाय ना, तो डौल तसाच ठेवा."

"अहो, तो डौल नाही! त्यांच्या खालच्या दातांना अडत होतं म्हणून तसा बसवावा लागला."

"असू द्या. चूकसुद्धा ठेवा."

डॉक्टरांनी नफिसाकडे पाहिलं. ती प्लास्टर कालवायची थांबली होती. "करा की," ती म्हणाली. "पण लिहून घ्या त्यांच्याकडून." पदूने कागदावर सही केली. सरकारी माणूस असूनही त्याने कागद वाचला नाही, एवढी त्याला घाई होती.

मग इंजेक्शन झालं आणि यंत्र सुरू झालं. दोन बाजूचे दोन दाणे, चाळीस वर्षं कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेले, तासून खुंट्या झाले. पदूचे डोळे मिटलेले होते आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे गज्याचा पडलेला चेहरा होता. त्या चेहऱ्याच्या आधारावर त्याने सगळं सोसलं. साचा मुंबईला गेला. तो येईपर्यंत पंधरा दिवस पदू मधे भोक आणि बाजूला दोन खुंट्या अशा तोंडाने पेज पीत राहिला. आधी एक दात नव्हता, आता तीन नव्हते. गौराबाई येता-जाता म्हणत, "म्या सांगितलं व्हतं."

लग्नाला दहा दिवस असताना ब्रिज आला आणि बसला. डॉक्टरांनी आरसा पुढे धरला. पदूने ओठ मागे घेतले आणि त्याचा ऊर भरून आला. तीन दात, लांब, जाड, दुधासारखे पांढरे, मधला जरासा चढलेला.

"ऊस नको, हाडूक नको," डॉक्टर म्हणाले. "आणि नीट ऐका. हे आता पक्कं झालं. नको वाटलं तर फोडूनच काढावं लागेल, आणि आत तुमचे दात आता दात राहिलेले नाहीत."

नको वाटायला पदू काय वेडा होता? त्याने तिथल्या तिथे "सासू सासर सोबती" म्हणून पाहिलं. एकूण एक 'स' ठणठणीत. फक्त वरचा ओठ ब्रिजवरून खाली येत नव्हता. तो येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले.

पण कर्जत-खालापूर एसटीत बसल्यावर पदूला कळलं की एक घोटाळा झालाय. ज्याला हे दाखवायचे तो गज्याच गावात नव्हता. जमाबंदीच्या कामासाठी त्याला दहा दिवस अलिबागला धाडलं होतं. तो थेट लग्नालाच यायचा होता. पदूला वाटलं, सरकारने हे मुद्दाम केलं.

आणि मैना? मैनेने दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला. मग भानावर येऊन म्हणाली, "अगो बाई, तुमी होय! मला वाटलं कोनी पावना आला."

"कसे आहेत?"

"हायत की." ती बराच वेळ बघत राहिली. "कोनासारखं तरी वाटतंय. वळखीचं. नाव येत नाय तोंडावर."

"गोड दिसतायत का?"

"जरा तोंड मिटा बघू," मैना म्हणाली. पदूने प्रयत्न केला. मिटलं नाही.

या न मिटणाऱ्या तोंडाचा पहिला प्रसाद चौकला मिळाला. तिथल्या एका मास्तरांचे वडील वारले होते. पदू समाचाराला गेला, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत दुःखी झाला. मास्तरांनी वर पाहिलं. "पदूभाऊ, तुमास्नी हसू कसलं येतंय?" पदूने हसत नसल्याचं सांगितलं. ते सांगताना तो आणखीच हसताना दिसला. शेवटी तोंडावर रुमाल धरून तो तासभर बसला, तेव्हा मास्तरांची आई म्हणाली की मानूस मायाळू हाय, रडं आवरना. कचेरीत मामलेदारांनी चुकीच्या जावक क्रमांकाबद्दल झापलं, तेव्हा रुमाल हाताशी नव्हता. ते प्रकरण इथे नको. पदूच्या लेखी ही किरकोळ झीज होती. त्याचं सगळं लक्ष जनीच्या मुहूर्ताकडे लागलं होतं.

लग्न मोरूदादाच्या अंगणात, सायंकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी. वऱ्हाड कुंभिवलीहून टेंपो करून आलं. अलिबागची एसटी उशिरा होती आणि गजाभाऊ अजून पोचले नव्हते. मोरूदादा रस्त्याकडे बघत होता. पदूने त्याच्यासमोर जाऊन ओठ मागे घेतले. मोरूदादा एक पाऊल मागे सरला आणि म्हणाला, "बरं, म्हन तू."

अंतरपाट धरला गेला. पलीकडे हिरव्या शालूत जनी, अलीकडे नवरदेव. पदूने लाउडस्पीकरचा माइक हातात घेतला, घसा साफ केला आणि सुरू झाला. खरं सांगायचं तर तो त्या दिवशी गायला तसा कधीच गायला नव्हता. सहा महिन्यांचा राग, दोन दातांचं तासणं आणि पंधरा दिवसांची पेज, सगळं त्या आवाजात उतरलं. "सासू सासर सोबती सजण हे" ला मांडव चिडीचूप झाला. नवीन ओळीत त्याने जनीला माहेरचं अंगण विसरू नको म्हटलं, तेव्हा मोरूदादाने पाठ फिरवून डोळे पुसले. 'सावधान' झालं, वाजंत्री वाजली, अक्षतांचा सडा पडला. पदूने लगेच मांडवाच्या दाराकडे पाहिलं. गज्या नव्हता. साला ऐकायलाच नव्हता.

तरी बक्षीस बाकी होतं. अष्टकं म्हणणाऱ्याला वरपक्षाने टोपी, टॉवेल आणि नारळ द्यायचा, ही तिकडची रीत. नवरदेवाची आजी, कोंडीआजी, काठी टेकत पुढे आली, पदूच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला.

"गजाभाऊ! वळखलं मी. फाल्गुनात आमच्या ठकीच्या लग्नात तुमीच म्हटलं व्हतं. तवा बरं व्हतं, पन आजच्यासारखं नाय. बारीक झालाव जरा. दातांवरनं वळखलं बगा!"

पदू काही बोलायच्या आत माइकवाल्याने पुकारा केला, "अष्टकं म्हणणारे गजाभाऊ यांचा वरपक्षाकडून मान! गजाभाऊ!"

आणि नेमक्या त्याच वेळी हातात ट्रंक घेतलेले, धुळीने भरलेले गजाभाऊ मांडवात शिरले. आपलं नाव ऐकून त्यांना वाटलं, आपण उशिरा येऊनही लोकांनी काय मान ठेवलाय! ते हसतमुखाने सरळ पुढे आले, वाकले, टोपी डोक्यावर घेतली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि नारळाला हात लावला. नारळाची दुसरी बाजू पदूच्या हातात होती. कोंडीआजीने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"भाऊ भाऊ का?" तिने विचारलं.

मैना बायकांच्या घोळक्यातून ओरडली, "अगो बाई! गजाभावजी! तेच! तेच तोंडावर येत नव्हतं!"

सगळा मांडव हसला. गजाभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी नारळ काखेत मारला, पदूचा दंड धरला आणि त्याला मांडवामागे, जिथे आचाऱ्याची भांडी होती तिथे नेलं.

"ओठ उचल," ते म्हणाले. पदूने उचलला. त्यांनी वाकून बघितलं. "पद्या, हे माझे हायत."

"हो."

"तिरका पन घेतलास?"

पदूला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "जळत होतो तुझ्यावर," तो म्हणाला. "मैना म्हणली गोड दिसतात. तीन लग्नं खाल्लीस माझी. तुझ्यापेक्षा मोठे करून घेतले. आता तुझंच नाव झालं." 

गजाभाऊ पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"मी युनूस डॉक्टरला काय म्हनलो होतो, ठावं हाय?" ते म्हणाले. "म्हनलो, खालापूरला माझा दोस्त हाय पदू, त्याच्यासारखे बारीक करून द्या. तांदळासारखे. शाळेपासनं बघतोय. तू हसलास की सगळी तुझ्याकडं बघायची. डॉक्टर म्हनला, तुमच्या तोंडाला शोभायचे नायत, आन हे मोठे बसवले. तुझा दात पडला तवा मला बरं वाटलं रं. रजासुदा त्याच्यासाठीच आडवली."

पदूची जीभ नकळत वर गेली. ब्रिजच्या आत, सिमेंटखाली, त्या दोन खुंट्या होत्या.

"खरंच चांगले होते का रं?" त्याने विचारलं.

"एक नंबर."

"मग तवा का नाय सांगितलंस?"

"असं कोन कोनाला सांगतं?" गजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी नारळ पदूच्या हातात दिला.